गुणांचा मोबदला

चांगले गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती रोख रक्कम ठेवली की शिक्षणाचा दर्जा आपोआप उंचावेल, या कल्पनेची अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर कसोटी घेतली गेली. हार्वर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी 2007 पासून काही मोठ्या शहरांतील शाळांत हे प्रयोग केले. शिकागोत नववीच्या विद्यार्थ्याला विषयातील सर्वोच्च श्रेणीसाठी 50 डॉलर मिळत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरील प्रश्न सोडविल्यास 2 डॉलर दिले जात. 2011 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. शिकागोत चाचणी परीक्षांतील कामगिरी सुधारली नाही. डॅलसमध्ये मात्र निदान इंग्रजी भाषिक मुलांची कामगिरी लक्षणीय सुधारली.

यातील मर्म उघड आहे. पुस्तक उघडणे मुलाच्या हाती असते. गुण वाढविणे सर्वस्वी त्याच्या हाती नसते. त्यासाठी शिकविणारा शिक्षक हवा, घरात दिवा हवा, पोटात अन्न हवे. ही साधने न पुरविता निकालावर बक्षीस लावणे म्हणजे दारिद्र्याचा दोष मुलाच्या आळसावर ढकलणे होय.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. स्पर्धेतून दिलेल्या शिष्यवृत्त्यांमुळे मागे राहिलेल्या वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही, असे महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 सालीच हंटर आयोगापुढील निवेदनात मांडले होते. तरीही 2008 साली केंद्र सरकारने आर्थिक दुर्बल घटकांसाठी सुरू केलेल्या शिष्यवृत्तीची वाट आठवीच्या स्पर्धा परीक्षेतूनच काढण्यात आली. देशभरात वर्षाला एक लाख नव्या शिष्यवृत्त्या आणि 2017 पासून प्रत्येकी वार्षिक 12,000 रुपये, एवढाच तिचा पल्ला. दहावीत सर्वसाधारणपणे 60 टक्के गुण न मिळाल्यास पुढील मदत थांबते. घरच्या मोलमजुरीमुळे ज्याचे गुण घसरले, त्याचाच आधार नेमक्या वेळी काढून घेतला जातो!

या योजनेने अनेक मुलांना शाळेत टिकविले, हे नाकारण्याचे कारण नाही. म्हणूनच तिची व्याप्ती वाढली पाहिजे आणि गुणांची अट गेली पाहिजे. 1992 साली महाराष्ट्राने दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसासाठी एक रुपया भत्ता सुरू केला. रक्कम तुटपुंजी होती, तत्त्व मात्र योग्य होते: मुलीने शाळेत यावे, तिची गरज समाजाने भागवावी. शासनाला खरोखर गुणवत्ता हवी असेल, तर त्याने आपली थैली निकालाच्या दिवशी नव्हे, शाळा सुरू होण्याच्या दिवशी उघडावी आणि प्रत्येक गरजू मुलासाठी उघडावी.