१२५ पट कशाला?

पुतण्या म्हणतो, "काका, सुपरझूमच घ्या. १२५ पट झूम!" अरे, पण कशाला? निकॉनचा तो पी१००० (२०१८) सुमारे १.४ किलोचा, आणि आतला सेन्सर जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटर! पूर्ण झूमवर उजेड कमी, त्यात माझा हात थरथरतो. सोनीच्या पहिल्या आरएक्स१००चा (२०१२) सेन्सर चौपट मोठा, वजन २४० ग्रॅम, सदऱ्याच्या खिशात मावतो. जुना मिळाला तरी चालेल मला. पक्षीवाल्यांनी खुशाल सुपरझूम घ्यावा. मला तुझ्या आत्याचा फोटो हवाय. वय ८४. संध्याकाळी दिव्याखाली वाती वळत बसते, माझ्यापासून चार हातांवर. समोर असलं धूड आणलं की ती पदर सावरून पुतळ्यासारखी ताठ होते. चंद्रावरचे खड्डे काय करू मी?