विश्लेषण : एका आगीत ८५८ टेराबाइट सरकारी डेटा कसा नष्ट झाला? ठरलेल्या वेळी दूरची प्रत घेणे का महत्त्वाचे?

दक्षिण कोरियातील देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे साठवलेली ८५८ टेराबाइट कागदपत्रे कायमची नष्ट झाली. जगातील सर्वाधिक डिजिटल सरकारांमध्ये गणना होणाऱ्या देशात या कागदपत्रांची दुसऱ्या ठिकाणी एकही प्रत नव्हती. साठवण सर्व्हरवरील फायली ठरावीक वेळी दूरच्या यंत्रणेवर पाठवण्याचे काम संगणक विभागात कंटाळवाणे समजले जाते. मात्र ते झाले नाही, किंवा झाले असे केवळ गृहीत धरले, तर काय होते याचा हा आढावा.

देजॉनमध्ये नेमके काय घडले?

दक्षिण कोरियाच्या ‘नॅशनल इन्फर्मेशन रिसोर्सेस सर्व्हिस’ या सरकारी संस्थेच्या देजॉन येथील इमारतीत पाचव्या मजल्यावर लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना आग लागली. ती पूर्ण विझवण्यास सुमारे २२ तास लागले. सुरुवातीला ६४७ सरकारी यंत्रणा बंद पडल्याचे सांगण्यात आले, पुढे हा आकडा ७०९ असल्याचे स्पष्ट झाले. ९६ यंत्रणा प्रत्यक्ष आगीत सापडल्या. टपाल, ओळख पडताळणी, सरकारी ईमेल अशा रोजच्या सेवांना फटका बसला.

सर्वांत मोठे नुकसान झाले ते ‘जी-ड्राइव्ह’चे. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फायली स्वतःच्या संगणकावर न ठेवता या सामायिक साठ्यात ठेवाव्यात, यासाठी प्रत्येकाला ३० गिगाबाइट जागा देण्यात आली होती. कार्मिक व्यवस्थापन मंत्रालयाने तर सर्व कागदपत्रे तेथेच ठेवण्याचा नियम केला होता. नियम काटेकोरपणे पाळल्यामुळे त्याच मंत्रालयाचे नुकसान सर्वाधिक झाले. मंजुरीसाठी वरिष्ठांकडे गेलेले अंतिम अहवाल ‘ओन्नारा’ या वेगळ्या यंत्रणेत असल्याने वाचले. मसुदे, टिपणे आणि रोजच्या कामाच्या फायली मात्र गेल्या.

प्रत का नव्हती?

या केंद्रातील बहुतांश यंत्रणांचा बॅकअप रोज घेतला जात होता. एक प्रत त्याच केंद्रातील वेगळ्या उपकरणांवर आणि दुसरी दूरच्या केंद्रात जात होती. जी-ड्राइव्ह हा अपवाद ठरला. साठा प्रचंड आणि त्याचा वेग कमी, त्यामुळे बाहेर बॅकअप ठेवणे शक्य नव्हते, असे स्पष्टीकरण सरकारने दिले.

या स्पष्टीकरणात किती तथ्य आहे, हे साध्या गणिताने तपासता येते. सेकंदाला एक गिगाबिट वेगाची जोडणी फक्त याच कामासाठी वापरली, तरी ८५८ टेराबाइट पाठवायला जवळपास ८० दिवस लागतील. दहा गिगाबिटची जोडणी असेल तर सुमारे आठ दिवस. म्हणजे पहिली प्रत घेणे खर्चीक आणि वेळखाऊ खरेच. पण ती एकदाच घ्यावी लागते. रोज त्यातला एक टक्का डेटा बदलतो असे मानले, तर दहा गिगाबिटच्या जोडणीवर तेवढाच भाग पाठवायला दोन तासही लागत नाहीत. प्रत्यक्षात जुन्या साठ्याच्या वाचनाचा वेग आड येतो, त्यामुळे वेळ वाढतो. तरीही ‘अवघड’ आणि ‘अशक्य’ यात फरक आहे.

ठरलेल्या वेळी सिंक होते म्हणजे काय?

यात दोन भाग असतात. पहिला भाग फक्त बदललेला मजकूर शोधून पाठवण्याचा. यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे ‘आरसिंक’ हे मोफत सॉफ्टवेअर अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणले. ते आधी दोन्ही बाजूंच्या फायलींचा आकार आणि बदलाची वेळ ताडून पाहते. फाइल बदललेली दिसली, तर तिचे तुकडे करून वेगळे असलेले तुकडेच पाठवते. शंभर पानांच्या अहवालात एक परिच्छेद बदलला, म्हणून अख्खा अहवाल पुन्हा पाठवावा लागत नाही. हा मजकूर सहसा ‘एसएसएच’ या कूटबद्ध मार्गाने जातो, त्यामुळे वाटेत कोणाला वाचता येत नाही.

दुसरा भाग वेळापत्रकाचा. युनिक्स प्रणालीतील ‘क्रॉन’ ही सुविधा सत्तरच्या दशकापासून हेच काम करते. रोज रात्री दोन वाजता अमुक आज्ञा चालव, असे एकदा लिहून ठेवले की माणसाला आठवण ठेवावी लागत नाही. घरी किंवा छोट्या कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या साठवण सर्व्हरमध्ये हीच सोय बटणे दाबून लावता येते.

लावताना काही साध्या चुका महागात पडतात. अनेक सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असते. तेथे रात्री दोनची वेळ दिली, तर भारतात सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि काम कार्यालय उघडेपर्यंत लांबते. कालची फेरी संपण्याआधीच आजची सुरू झाली, तर दोन्ही एकमेकींच्या आड येतात. म्हणून आधीची फेरी चालू असेल तर नवी सुरू होऊ नये, असे कुलूप लावावे लागते.

किती वेळाने प्रत घ्यावी, हे कसे ठरते?

याचे उत्तर तंत्रज्ञाने नव्हे, संस्थाचालकाने द्यायचे असते. प्रश्न एकच : किती वेळाचे काम गेले तर चालेल? रात्री दोनला प्रत झाली आणि संध्याकाळी सहाला सर्व्हर जळाला, तर १६ तासांचे काम गेले. शाळेच्या कार्यालयाला ते परवडेल. बँकेला १६ सेकंदही परवडणार नाहीत. म्हणून बँका आणि शेअर बाजार प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी नोंदवतात. अशा तात्काळ नोंदीला अंतराची मर्यादा असते. दुसरे केंद्र जितके लांब, तितके उत्तर यायला उशीर. त्यामुळे जवळच्या केंद्रात तात्काळ आणि दूरच्या केंद्रात थोड्या विलंबाने, अशी दुहेरी व्यवस्था केली जाते.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, असे का?

सिंकचे काम दोन्ही बाजू सारख्या ठेवणे. मूळ बाजूला चूक झाली, तर ती चूकही इमानेइतबारे दुसरीकडे जाते. खंडणीखोर व्हायरसने रात्री एकला फायली कुलूपबंद केल्या, तर दोन वाजता त्याच निकामी फायली चांगल्या प्रतीच्या जागी बसतात. आरसिंक स्वतःहून दूरच्या फायली पुसत नाही. मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारखेपणा हवा म्हणून अनेक जण पुसण्याचा पर्याय चालू ठेवतात. मूळ डिस्क काही कारणाने जोडली गेली नाही, तर तिच्या जागी रिकामा फोल्डर दिसतो. सॉफ्टवेअरच्या लेखी मालकाने सर्व काही काढून टाकलेले असते आणि ते दूरची प्रतही रिकामी करते.

यावर उपाय तीन. एक, दूरच्या बाजूला रोजची वेगळी स्थिती गोठवून ठेवावी, म्हणजे कालचे किंवा गेल्या आठवड्याचे रूप परत मिळते. दोन, मूळ सर्व्हरने फायली ढकलण्याऐवजी दूरच्या यंत्रणेने त्या ओढून घ्याव्यात. मग मूळ सर्व्हर हल्लेखोराच्या हाती गेला तरी दुसऱ्या घराची किल्ली त्याच्याकडे नसते. तीन, एका फेरीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त फायली पुसल्या जाणार असतील तर काम थांबावे, अशी मर्यादा घालावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आजही लागू पडतो.

प्रत घेणारी यंत्रणाच फसली तर?

तेही घडलेले आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली आणि सुमारे ३०० गिगाबाइटचा डेटाबेस गेला. कंपनीकडे प्रती घेण्याच्या अनेक पद्धती होत्या. त्या तपासल्यावर कळले, की नियमित बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारे ईमेलही नाकारले जात होते. योगायोगाने एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली.

जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये सुपरकॉम्प्युटरच्या साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट डेटा, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फायली पुसल्या गेल्या. पुसणारा होता खुद्द बॅकअपचा प्रोग्राम. तो चालू असतानाच पुरवठादार कंपनीने त्याची सुधारित आवृत्ती त्याच जागी टाकली. अर्धा जुना, अर्धा नवा प्रोग्राम चालला आणि जुन्या नोंदी साफ करण्याची आज्ञा संशोधकांच्या फायलींवर चालली. काही संशोधन गटांची माहिती परत मिळालीच नाही.

भारतात स्थिती काय?

महाराष्ट्राला असा धक्का कागदी फायलींच्या काळात बसला. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील अनेक फायली भस्मसात झाल्या आणि फायलींच्या संगणकीकरणाचा मुद्दा ऐरणीवर आला. देजॉन सांगते, की कागद संगणकावर आणणे ही अर्धीच वाट आहे.

उरलेली वाट कोणती, हे मुंबईच्या शेअर बाजाराने दाखवले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला सुरू झाले. आपत्कालीन केंद्र असूनही व्यवहार तेथे का हलवले नाहीत, अशी विचारणा ‘सेबी’ने केली. पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजार मुद्दाम उघडून, खरे व्यवहार सुरू असताना मुख्य केंद्रावरून आपत्कालीन केंद्रावर जाण्याची चाचणी घेण्यात आली. सरकारी कार्यालये, महापालिका, सहकारी संस्था आणि रुग्णालये यांनीही अशी तालीम करायला हवी. वर्षातून दोनदा दूरच्या प्रतीवरून काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहिल्या, तरी बरेच काही कळेल.

मोबाइलधारकांसाठी काय धडा?

फोनमधील छायाचित्रे ‘गुगल फोटोज’वर आपोआप जातात. पण हेही सिंकच आहे. जागा मोकळी करण्यासाठी त्या ॲपमधून छायाचित्र डिलीट केले, तर ते क्लाउडवरूनही जाते. बॅकअप झालेले छायाचित्र ६० दिवस ‘ट्रॅश’मध्ये राहते आणि नंतर कायमचे पुसले जाते. जागाच हवी असेल तर त्यासाठी दिलेला ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय वापरावा. सातबारा, पदव्या, विमा अशी कागदपत्रे आणि घरातील मोलाची छायाचित्रे वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ती दुसऱ्या घरी, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावीत. महिन्याचा एक दिवस ठरवून त्यात भर घालावी आणि त्याच दिवशी जुनी एखादी फाइल उघडून पाहावी. ती उघडली, तरच प्रत आहे असे समजावे.