पिकाची नोंद आणि मोबाईलचें ॲप

शेतांत काय पेरलें हें सरकारदप्तरीं कोणीं लिहावें, हा प्रश्न जमाबंदीइतकाच जुना आहे. पटवाऱ्यानें बांधावर जाऊन पीक पाहावें व गांव नमुना बारामध्यें लिहावें, असा नियम असे. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करून केस पांढरे केले आहेत. नियम व रिवाज यांमधील अंतर त्यास ठाऊक आहे. एका सज्जांत गांवें अनेक, वाटेंत नाले, वर पावसाळा. तेव्हां पाहणी पुष्कळदां बसल्या जागींच उरके व गेल्या सालचें पीक यंदाच्या रकान्यांत जसेंच्या तसें उतरे. ज्या बांधींत आवत्या धान डोलत होता ती दप्तरीं पडीत, असेंही पाहण्यांत आलें आहे. त्या काळीं अशा चुकीनें शेतकऱ्याचें फारसें बिघडत नसे. आज बिघडतें. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर आधारभूत भावानें धान द्यावयाचा तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. पीकविमा व अतिवृष्टीची मदत यांसही तिचाच आधार.

म्हणूनच ई-पीक पाहणी या मोबाईल ॲपचा विचार आपण शेतकऱ्यांनीं केला पाहिजे. महसूल व कृषि या दोन्ही खात्यांनीं टाटा ट्रस्टच्या साह्यानें तें तयार करविलें, निवडक तालुक्यांत चालवून पाहिलें, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्व राज्यांत लागू केलें. खातेदारानें शेतांत उभें राहावें, आपला गट निवडावा, पीक, क्षेत्र व पाण्याचें साधन भरावें, पिकाचा फोटो काढावा, कीं काम झालें. एवढें मोठें काम इतक्या लौकर उभें राहिलें याचें पुष्कळांस नवल वाटतें. आम्हांस तितकेंसें वाटत नाहीं. लौकर झालें तें शेवटचें मजल्याचें काम. पाया आधींच, वर्षानुवर्षें, सातबारा संगणकावर चढवितांना घातला गेला होता. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला, तेव्हांच खातेदारांचीं नांवें, गट व क्षेत्रें एके ठिकाणीं बसलीं होतीं. रकाने तर जुन्या नमुन्याचेच. ॲप बनविणारांनीं नवें शास्त्र रचलें नाहीं, एकच काम घेतलें, आणि तें ज्याचें होतें त्याच्या हातीं दिलें. या शहाणपणाबद्दल त्यांची स्तुति करणें योग्य होय.

तथापि पहिल्या हंगामांत तक्रारी झाल्याच. त्या ऐकून घेतल्या गेल्या, ही गोष्ट आम्ही ॲप काढण्याहूनही मोलाची समजतों. १ ऑगस्ट २०२२ रोजीं दुसरी आवृत्ति निघाली. भरलेली नोंद चुकल्यास ४८ तासांच्या आंत एकवार दुरुस्त करण्याची सोय झाली. शेतकऱ्याचें स्वयंघोषणापत्र प्रमाण मानून तलाठ्यानें फक्त दहा टक्के नोंदींची पडताळणी करावी असें ठरलें. मिश्र पिकांसाठीं जागा वाढली. आणि आपण गटापासून दूर उभे असल्यास ॲपच तसें सांगूं लागलें. यांतील ४८ तासांची सोय लहान दिसते. पण ज्यानें एका खोडलेल्या आंकड्यापायीं कचेरीचे चार हेलपाटे घातले आहेत, त्यास तिची किंमत विचारावी.

परदेशांतही हाच अनुभव आहे. केनिया देशांत २००५ सालीं लहान कर्जांचे हप्ते मोबाईलवरून फेडण्याचा एक प्रयोग झाला. लोक त्याच साधनानें एकमेकांस पैसे पाठवूं लागले. चालकांनीं लोकांस दोष दिला नाहीं, साधनच त्यांच्या वापराप्रमाणें बदललें, आणि मार्च २००७ मध्यें एम-पेसा सुरू झालें. तें साध्या फोनवर चालत असे, हेंही ध्यानांत धरण्यासारखें आहे.

आतां आमच्या भामरागडची स्थिति पाहावी. खरीपाची नोंद ऑगस्टांत सुरू होते. त्याच सुमारास रोवणी आटोपत असते, आणि इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या तिन्ही नद्या चढलेल्या असतात. पर्लकोटेचा जुना पूल बुडून तालुका जगापासून तुटल्याचे प्रसंग वाचकांस नवे नाहींत. फोटो शेतांत रेंज नसतांना काढून ठेवतां येतो व रेंजमध्यें आल्यावर पाठवितां येतो, ही सोय खरी. पण रेंजमध्यें येणें म्हणजे कित्येकांस नाला ओलांडून अर्धा दिवस घालविणें. शिवाय ॲप बोलतें मराठी, आणि आमच्या पुष्कळ माडिया बांधवांच्या घरांत मराठी अक्षर ओळखणारें एखादें शाळकरी पोरच असतें. तें पोर आश्रमशाळेंत गेलें कीं घरांतला फोन मुका झाला. वेळेंत राहिलेल्या नोंदी नेमलेल्या सहायकानें कराव्या अशी तजवीज आहे, परंतु तीवरच विसंबल्यास आपण पुन्हां त्या जुन्या पाहणीच्या वाटेनें जाऊं, अशी आमची भीति आहे. वनहक्क कायद्याखालीं पट्टे मिळालेल्यांची गोष्ट आणखी निराळी. पट्टा, नकाशा व प्रत्यक्ष कब्जा जुळविणें हें दप्तराचें काम आहे. तें अपुरें असेल तर कोणतेंही ॲप कितीही लौकर काढून उपयोग नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी कीं, पुढची कोणतीही आवृत्ति पुण्यामुंबईस पसंत करण्यापूर्वीं ती ऑगस्टाच्या पहिल्या पंधरवड्यांत येथें आणून चालवून पाहावी. सोबत माडिया बोलींत बोलून मार्ग दाखविणारा आवाज घालावा. दिलेल्या नोंदीची पोंच फोनवर अक्षरांऐवजीं ओळखू येईल अशा खुणेनें मिळावी. जेथें हें चालेल तेथें नागपूरास चालण्यास अडचण पडणार नाहीं. दरम्यान ज्या सभासदांची नोंद यंदा अडली, त्यांनीं गट क्रमांक, प्रयत्न केल्याची तारीख व अडचण एका कागदावर लिहून तहसील कचेरींत द्यावी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोंच घेतल्यावांचून परतूं नये.