पुस्तिका कुणासाठी?

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि आपल्या संघटनांच्या कपाटांतल्या कायदेविषयक पुस्तिका एका दिवसात जुन्या झाल्या. ४९८अ गेले, भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ व ८६ आली. पोटगीचे १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले. आम्हीही पुस्तिका सुधारायला बसलो. दोन बैठकांत आकडे बदलून झाले, मुखपृष्ठाचा रंगही ठरला. तेवढ्यात वस्तीत काम करणाऱ्या एका ताईंनी विचारले, ‘‘ही मी बाईच्या हातात दिली, तर तिनं घरी ठेवायची कुठं?’’

आम्ही गप्प झालो. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कायदा’ असे छापलेले. ती नवऱ्याच्या हाती लागली तर पुढची मारहाण आमच्या पुस्तिकेपायीच होणार. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना माहितीपत्रक कसे लिहावे हे मी शिकले होते. हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता.

पुस्तिका सुधारायची तर आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. वाचणार कोण? आणि वाचून ती करणार काय? आपण लिहून टाकतो, ‘सर्व महिलांसाठी’, ‘जागृतीसाठी’. ही उत्तरे नव्हेत, ही पळवाट आहे.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचेच प्रकरण घ्या. आमच्या पुस्तिकेत ते व्याख्यांनी सुरू होते. मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईला व्याख्या नको असते, आजची रात्र काढायची असते. तिला ११२ आणि १८१ हे क्रमांक हवेत. निघताना कोणते कागद घ्यायचे ते हवे. माहेरी किंवा मैत्रिणीकडे आसरा घेतला असेल तर तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो, हे कळायला हवे. घर सासऱ्याच्या नावावर असले म्हणून तिचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तिचे उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळू शकतो. एवढे तळहाताएवढ्या कार्डावर मावते.

कार्यकर्तीची गरज वेगळी. तिला कलमे हवीतच. घटना अहवालाचा नमुना कसा भरायचा, कलम १२ चा अर्ज कुठे द्यायचा, कलम २३ खाली अंतरिम आदेश कसा मागायचा, हे तिला पायरीपायरीने हवे. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवायची असते, हे माहीत असेल तरच ती लांबलेल्या तारखेबद्दल विचारू शकेल.

आणि पोलीस पाटील, सरपंच? त्यांच्यासाठी एक पान पुरे. त्यात मुख्य गोष्ट ही, की ‘घरचं भांडण आहे, जा परत’ म्हणून बाईला माघारी धाडायचे नाही.

या तिघांना एकाच पुस्तिकेत कोंबले की बाईला ती जड होते, कार्यकर्तीला अपुरी पडते आणि सरपंच ती उघडतच नाहीत. तीन गोष्टी छापायला पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाते. पण आज पैसा जातो तो कुणालाच नको असलेल्या पानांवर. खरे तर निधी देणाऱ्यांना ‘किती प्रती छापल्या’ एवढेच कळवायचे असते. मग आपलाही उद्देश नकळत तोच होऊन बसतो.

छापण्याआधी मजकूर चारजणींना वाचून दाखवावा. ‘समजलं का?’ असे विचारू नये, सगळ्या हो म्हणतात. ‘आता तू पहिल्यांदा काय करशील?’ असे विचारावे. तिला सांगता आले नाही तर चूक तिची नाही, लिहिणारीची आहे.

आमचे कार्ड छापून आले. त्यावर मथळा नाही, संघटनेचे नावही नाही. काही मैत्रिणींना ते खटकले. इतकी वर्षे काम करायचे आणि नावसुद्धा नाही? ताईंनी कार्ड उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘हे रेशनकार्डाच्या पिशवीत राहील.’’