पाणी पोचायला किती सेकंद?

विषय थोडा रुक्ष आहे, आधीच सांगतो. आगीचे स्प्रिंकलर. त्यातही कोरड्या पाइपाचे स्प्रिंकलर. पण माझ्या मामांची साठ पोती हळद या विषयात अडकलेली आहे, त्यामुळे शनिवार-रविवारची झोप मोडून लिहितोय.

गेल्या मे महिन्यात सुट्टी काढून गावी गेलो होतो. आमचं गाव कनेरगाव नाका. हिंगोली-वाशिम रस्त्यावरचं, अर्धं मराठवाड्याचं आणि अर्धं वऱ्हाडाचं वाटावं असं गाव. पुण्यात राहणारा इंजिनीअर गावी आला की त्याला काय काय विचारतात हे तुम्हाला माहीत असेलच. प्रिंटर, मोबाइल, बोअरचा पंप, सगळं एकाच डिग्रीत बसतं. या वेळी मामा म्हणाले, "अरे, ज्या कोल्ड स्टोरेजात आपली हळद हाय, तिथं आगीच्या पाइपाची तपासणी हाय म्हणे उद्या. मालक ओळखीचा हाय. तू येतो का संगं? तेवढंच आपल्याला समजंल तरी काय भानगड हाय ते."

योगायोग असा की यातलं थोडंफार मला खरंच माहीत होतं. दोन वर्षं मी एका गोदामवाल्या क्लायंटसाठी अलार्मचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. त्यात 'ड्राय व्हॉल्व्ह, हवेचा दाब कमी' हा अलार्म इतक्या वेळा वाजायचा की शेवटी हा व्हॉल्व्ह असतो तरी काय म्हणून मी मॅन्युअल वाचून काढलं होतं. (शीतगृहाचं नाव-गाव सांगत नाही. त्याची गरजही नाही, पुढे कळेल का ते.)

तर आधी थोडी शिकवणी. आपल्या ऑफिसात छताला जे स्प्रिंकलर दिसतात त्यांच्या पाइपात कायम पाणी भरलेलं असतं. टोकाला काचेची छोटी कुपी असते, लाल रंगाची असेल तर साधारण 68 अंशाला फुटते आणि तेवढ्याच ठिकाणी पाणी पडतं. सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम सुरू होत नाहीत, जिथली कुपी तापली तिथलाच एक सुटतो. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत हेन्री पार्मलीने आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी 1874 मध्ये स्प्रिंकलरचं पेटंट घेतलं होतं.

पण जिथे तापमान 4 अंशाच्या खाली जातं तिथे पाइपात पाणी ठेवता येत नाही. गोठतं, आणि पाइप फुटतो. आमच्याकडे डिसेंबरात कितीही हुडहुडी भरली तरी पाइपातलं पाणी गोठत नाही, म्हणून हिंगोली-वाशिमकडे कोरड्या पाइपाची गरज पडते ती फक्त शीतगृहाच्या आत. या शीतगृहात एका खोलीत मटार उणे वीस अंशाला असतो, आणि चिंच, मिरची, हळद बाजूच्या खोल्यांत. तिथे पाइपात पाण्याऐवजी दाबाखाली हवा भरतात. बाहेरच्या गरम खोलीत एक व्हॉल्व्ह असतो, त्यात एक झडप. खालून पाणी ढकलतंय, वरून हवा दाबतेय. झडपेचा हवेकडचा भाग मोठा असल्यामुळे सहा किलो दाबाचं पाणी दोन-अडीच किलो हवेनेही अडून राहतं. आग लागली, कुपी फुटली, की आधी हवा निघून जाते, दाब उतरतो, झडप उघडते आणि मग पाणी धावतं.

या 'मग'मध्येच सगळी मेख आहे. हवा निघायला आणि पाणी पोचायला वेळ लागतो आणि तोवर आग वाढत असते. म्हणून अमेरिकेच्या एनएफपीए 13 या मानकात साधारण 1900 लिटरपेक्षा मोठ्या यंत्रणेसाठी नियम आहे, की सर्वात लांबच्या टोकाला 60 सेकंदांत पाणी यायला हवं. त्यासाठी हवा झटकन काढून देणारं 'अॅक्सिलरेटर' नावाचं छोटं यंत्र व्हॉल्व्हला जोडतात.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं छान दिसत होतं. पाइपांना लाल रंग, व्हॉल्व्हवर दोन गेज, दोन्हींचे काटे बरोबर जागेवर, भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र. आमच्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्ड हिरवागार. तपासणीला आलेल्या टेक्निशियनने गेज बघितले, वहीत टिक केलं आणि तो निघायच्या तयारीत होता. मी सहज म्हणालो, "मेन ड्रेन एकदा उघडून बघू या का?"

मेन ड्रेन म्हणजे झडपेच्या खालचं पाणी काढायची जाड तोटी. ती पूर्ण उघडली की पाणी धो-धो यायला पाहिजे आणि गेजचा काटा थोडा उतरून स्थिर व्हायला पाहिजे. उघडली. दोन बादल्या पाणी आलं, काटा थेट शून्यावर गेला आणि तोटी कोरडी. म्हणजे टाकीकडून येणारी मुख्य चावीच बंद होती! मधल्या पाइपात अडकलेला दाब गेज इमानेइतबारे दाखवत होता. किती महिन्यांपासून, देव जाणे.

मालकाचा चेहरा पडला. टेक्निशियनचाही. मामा माझ्याकडे बघायला लागले. शेवटी तिथला ऑपरेटर, पन्नाशीचा माणूस, खाली बघत म्हणाला, "म्याच बंद केली साहेब. रातच्याला लाइट जाते, कंप्रेसर बंद पडते, हवा उतरते अन् पाणी सुटते पाइपात. गेल्या पावसाळ्यात दोनदा झालं. आत पाण्याचं बर्फ झालं, पाइप फुटला, मालाचं नुसकान माझ्या पगारातून कापतो म्हणले."

आता इथे त्याच्यावर ओरडणं सोपं आहे. मालक ओरडलाच. पण मला त्या क्षणी आमचा ऑन-कॉलचा ग्रुप आठवला. रात्री तीनला सलग चार दिवस फालतू अलर्ट आला की पाचव्या दिवशी आपण काय करतो? म्यूट. मीही केलंय, आणि एकदा त्याच अलर्टचा खरा अर्थ सकाळी क्लायंटकडून कळलाय. त्यामुळे ऑपरेटरला नावं ठेवायचा मला तरी अधिकार नाही. जी यंत्रणा विनाकारण त्रास देते ती माणूस बंद करणारच. अमेरिकेत आगींच्या नोंदी तपासल्या तेव्हाही हेच दिसलं, की स्प्रिंकलर चाललेच नाहीत अशा घटनांमध्ये सर्वात मोठं कारण यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली असणं हे होतं.

सुदैवाने मटाराची खोली दुरुस्तीसाठी रिकामी आणि बंद होती. (हे महत्त्वाचं आहे. चालू फ्रीझरच्या पाइपात चाचणीचं पाणी सोडायचं नसतं, उरलेल्या ओलाव्याचा बर्फ होऊन पाइप आतून तुंबतो. तिथे चाचणी पाणी आत न जाऊ देता करावी लागते.) म्हणून चावी उघडून पूर्ण चाचणी घ्यायची ठरली. लांबच्या टोकाची तोटी उघडली आणि मी मोबाइलचा स्टॉपवॉच लावला. फुस्स... हवा जातेय, जातेय. एक मिनिट झालं. दोन झाले. मामा म्हणाले, "एवढ्यात तं चहा व्हते." 2 मिनिटं 50 सेकंदांनी पाणी आलं, चहाच्याच रंगाचं. अॅक्सिलरेटरचीही चावी बंद होती, कारण तेच.

पाणी चहाच्या रंगाचं का, तर कोरडा पाइप नावालाच कोरडा असतो. चाचणीचं थोडं पाणी, हवेतला दमटपणा खोलगट जागी साचतो आणि वरून ऑक्सिजन असल्यामुळे पाइप भराभर गंजतो. म्हणून फांद्यांच्या पाइपांना मीटरला 4 मिलिमीटर उतार देतात, सखल जागी निचऱ्याच्या तोट्या ठेवतात आणि त्या नेमाने उघडाव्या लागतात. हल्ली हवेऐवजी नायट्रोजन भरतात त्याचंही कारण हेच.

आता माझं मत. शीतगृहाची आग ही साधी आग नसते. खिडक्या नाहीत, भिंतींत फोम, आत धूर कोंडतो. अमेरिकेत वूस्टरला 3 डिसेंबर 1999 रोजी एका ओसाड पडलेल्या शीतगृहाच्या आगीत 6 अग्निशमन जवान आत अडकून गेले. दक्षिण कोरियात इचॉनला जानेवारी 2008 मध्ये शीतगृहाच्या आगीत 40 जण गेले. आमच्या भागात तर बंब हिंगोलीहून यायचा किंवा वाशिमहून, निदान अर्धा तास धरा. म्हणजे जे काही करायचं ते छतावरच्या त्या पाइपालाच करायचं आहे. आणि त्याचं सगळं भवितव्य ठरतं एका चावीवर आणि काही सेकंदांवर.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा 2006 चा आहे, 2008 पासून लागू आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं असं त्यात लिहिलेलं आहे. तरीही 9 जानेवारी 2021 च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली, आणि त्याच वर्षी विरारला, नगरला रुग्णालयातच रुग्ण गेले. प्रत्येक वेळी 'फायर ऑडिट'चे आदेश निघतात. कागद वाढतात. कागद वाईट नाही, पण कागदावर 'ठीक' लिहिलेलं असतं. मला 'ठीक' नको, आकडा हवा. मेन ड्रेन उघडल्यावर दाब किती उतरला? झडप कितीला सुटली? पाणी किती सेकंदांत आलं? 'बॅकअप घेतलाय' असं म्हणणाऱ्याला आपण 'रिस्टोअर करून दाखव' म्हणतो, तेच इथे म्हणायचं. आकडा खोटा लिहायला निदान लाज वाटते, टिक मारायला वाटत नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं: एवढ्या चाचण्या कोणाला परवडतात? खर्च आहे, खोटं कशाला बोलू. पण यादी बघा. गेज आठवड्याला बघायचे. डिझेल पंप आठवड्याला अर्धा तास चालवायचा. हवा कमी झाल्याचा अलार्म तीन महिन्यांनी वाजवून बघायचा. झडप वर्षातून एकदा थोडं पाणी सोडून उडवायची, आणि पूर्ण पाण्याची चाचणी तीन वर्षांतून एकदा, माल हलवायची वेळ साधून. यात महागडं फारसं काही नाही, कंटाळवाणं मात्र सगळंच आहे. आणि आपण खर्चाला घाबरत नाही तेवढे कंटाळ्याला घाबरतो.

दुसरं, ज्याचा माल आत आहे त्याने विचारलं पाहिजे. शेतकरी भाडं विचारतो, पावती घेतो, वजन स्वतः उभं राहून करून घेतो. तसंच 'मेन ड्रेन उघडून दाखवा' म्हणायला काय हरकत आहे? दोन मिनिटांचं काम आहे आणि ते समजायला डिग्री लागत नाही. म्हणूनच मी शीतगृहाचं नाव सांगितलं नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

तिसरं, ऑपरेटरच्या पगारातून काही कापू नका. त्याने ते सांगितलं नसतं तर आम्हाला खरं कारण कळलंच नसतं. त्या दिवशी मालकाला एवढंच पटवलं: कंप्रेसर जनरेटरवर घ्या, साबणाच्या पाण्याने जोड तपासून गळती काढा, आणि हवा कमी झाली तर झडप सुटायच्या आधी फोनवर कळेल असं करा. मग चावी बंद करायची कोणाला गरजच पडणार नाही. चावीला उघड्या स्थितीत साखळी-कुलूप लावलं आणि किल्ली ऑपरेटरकडेच दिली.

जूनच्या शेवटी मामांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट म्हणाले, "बावन."

"काय बावन? हळदीचा भाव?"

"भाव कशाचा रे! पाणी. बावन सेकंदात आलं. मी उभा व्हतो तिथं, घड्याळ लावून."

हळद अजून विकलेली नाही, भावाची वाट बघतायत. पण आता भाडं भरायला गेले की मामा आधी व्हॉल्व्हच्या खोलीत डोकावतात. त्यांचं बघून अजून दोघं-तिघं डोकवायला लागलेत म्हणे. मालक थोडा वैतागलाय. वैतागू दे.