मालगाडी का थांबते?

दोस्तांनो, सालेकसा स्टेशनात मालगाडी लूप लाइनवर उभी राहते आणि मेल धडधडत पुढे जाते. तातडीचं काम आधी! यंत्रातला संगणकही कामांची पाळी अशीच ठरवतो, बरं का.

पण ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानात घोळ झाला. हवामान नोंदवणाऱ्या कमी तातडीच्या कामानं सामाईक वाट अडवली. मधली कामं त्याला सरकू देईनात. अतिशय तातडीचं काम खोळंबलं, की संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू!

तज्ज्ञांनी पृथ्वीवरूनच आज्ञा धाडली : वाट अडवणाऱ्याला तेवढ्यापुरता मेलचा मान द्या. घोटाळा मिटला!

आता सांगा, मेलच्या पुढ्यात मालगाडीच अडकली, तर स्टेशनमास्तर म्हणून तुम्ही कोणाला आधी सोडाल?