लोहार हा शब्द कुठे गेला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की जातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. आम्हा शिक्षकांकडे सल्ला विचारायला येणाऱ्यांत एखादे घर असे असते, की ज्याच्या तीन पिढ्यांनी गावाचे फाळ आणि कुऱ्हाडी पाजवल्या. गाव आजही त्या घराला 'लोहाराचे घर' म्हणूनच ओळखते. पण मुलाच्या दाखल्यावर 'मुसलमान' एवढेच असते, वडिलांच्या दाखल्यावरही तेच. व्यवसायावरून ओळखल्या जाणाऱ्या अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मात्र त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. गावाला जे ठाऊक आहे ते कागदावर दाखवायचे कसे, हा प्रश्न असतो.

शोध घरापासून सुरू करावा. आजोबा शाळेत गेले नसतील, पण त्यांचा धाकटा भाऊ, चुलत भाऊ किंवा एखादी फुफी गेली असेल. त्या काळच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात धर्म-जातीचा रकाना असतो. तो गुरुजी भरत, आणि सांगणारा जे सांगेल ते लिहिले जाई. त्यामुळे एका भावापुढे 'मुसलमान' आणि दुसऱ्यापुढे 'मुसलमान लोहार' असेही आढळते. एका दाखल्यावर निराश होऊन परतू नये. भाऊबंदांतील प्रत्येकाचा उतारा मागावा.

पुढचा मुक्काम तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. लोक तिला 'कोतवाल बुक' म्हणतात. त्यात जन्मलेल्या किंवा वारलेल्या माणसाबरोबर जातही लिहिलेली सापडते. १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टरही पाहावे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे या वह्यांची नावे घरोघरी पोहोचली आहेत. त्याच कपाटांत आपल्या लोहाराचेही पान असू शकते. जनगणनेच्या छापील ग्रंथांत मात्र माणसांची नावे नसतात, आकडे असतात. त्यात वेळ घालवू नये.

तिसरी वाट जमिनीची. लोहार हा गावचा बलुतेदार. नांगराचा फाळ, विळे, खुरपी, गाडीच्या चाकाची धाव ही त्याची कामे. मोबदल्यात सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात लोहार, मुलाणी अशा बलुतेदारांची कामे आणि हक्क वाचायला मिळतात. काही ठिकाणी या सेवेपोटी इनाम जमीनही असे. मुंबई राज्यात समाजोपयोगी सेवेची अशी इनामे १९५३ च्या कायद्याने रद्द झाली. गाव नमुना ३, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, आणि नमुना ६, म्हणजे फेरफार, यांत या जमिनींचा माग लागतो. बाप वारल्यावर मुलांची नावे लागली, ती वारसाची फेरफार नोंद म्हणजे त्या घराण्याचा शजराच. एकापाठोपाठ एक फेरफार काढत गेले की पणजोबापर्यंत पोहोचता येते.

जुने कागद मोडीत असतात. मोडी वाचणारे जाणकार आजही भेटतात. आपल्या घरात उर्दू येणारे कुणी असेल तर कागदातले अर्धे शब्द त्याला ओळखीचे वाटतील. मौजे, साकीन, वल्द, बिन हे शब्द अरबी-फारसीतून मराठी दफ्तरात आले आणि तिथेच रुजले. 'रामा बिन भिवा' असे हिंदू शेतकऱ्याचे नावही सर्रास लिहिले जाई. म्हणून 'बिन' दिसला की आपलाच माणूस, असे समजू नये. उलट आपल्या माणसाचे नाव दगडू किंवा बाबूही असू शकते. नावावरून धर्म ठरत नाही आणि धर्मावरून धंदा ठरत नाही. सन फसली असेल तर आपल्याकडे त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. फसली १३०० म्हणजे १८९०-९१.

एकाच गावात दोन दगडू निघाले तर? तेव्हा सर्व्हे नंबर, बापाचे नाव आणि पुढच्या पिढीची नावे जुळतात का ते पाहावे. तिन्ही जुळल्याशिवाय नाते जोडू नये. दुसऱ्याचा आजा आपला म्हणून सांगणे ही लबाडी आहे, आणि पडताळणीत ती टिकतही नाही.

जमिनीच्या कागदात बायका क्वचितच येतात. आल्या तरी बहुधा 'कोम' लावून नवऱ्याच्या नावामागून, किंवा 'बेवा' म्हणून. पण काझींच्या जुन्या निकाह दफ्तरात मुलीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, मेहर आणि साक्षीदार असतात. दादीचे माहेर तिथे सापडते. लोहाराची लेक बहुधा लोहाराच्याच घरी दिलेली असे. त्यामुळे माहेरच्या घराचे कागदही सोयरिकीच्या बाजूने उपयोगी पडतात.

आता शीर्षकातला प्रश्न. लोहार हा शब्द प्रत्येक वेळी कारकुनाने गाळलेला नसतो. कारखान्याचा फाळ बाजारात आला, भाता थंडावला, पोरे गॅरेजला आणि गिरणीला गेली. शहरात नाव सांगताना 'शेख' म्हटले की कुणी पुढे काही विचारत नसे, 'लोहार' म्हटले की विचारत. शाळेत घालतानाही बापाने तेच सांगितले. त्याची लाज आम्ही समजू शकतो. पण लोखंड ज्यांच्या हाती मऊ केले गेले ते हजरत दाऊद अलैहिस्सलाम होते, हे आपण मुलांना शिकवतो. मग आजोबांच्या काळ्या हातांचे नाव घ्यायला आपण का कचरावे?

या सुट्टीत घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा. पणजोबांचे नाव, भट्टी कुठे होती, शेत कोणत्या बाजूला होते, कोणाच्या मुली कुठे दिल्या, हे सारे तारीख घालून लिहून घ्या. ही वही सरकारी पुरावा नाही. पण ती हातात असली की कोणत्या गावचे आणि कोणत्या सालचे दप्तर मागायचे ते कळते. दप्तर उद्याही कपाटात असेल, सांगणारी दादी असेलच असे नाही.